दुनळी, पेला आणि रसिकतेचा प्रश्न

मृगया आणि मद्यपान या दोघांना स्मृतिकारांनी एकाच पंक्तीला बसविले आहे. मनूने कामज व्यसने दहा सांगितली आणि त्यांतून चार अत्यंत अनर्थकारक म्हणून वेगळी काढली. त्या चारांत या दोघांचीही गणना आहे. असे असता देवस्थानाशी घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असलेल्या वाचकांपुढे जुन्या दुनळी रायफलींच्या आणि उत्तम व्हिस्कीच्या रसिकतेची चर्चा मांडावयाची, तर प्रथम अधिकाराचा प्रश्न उपस्थित होतो. तो सोडविण्यासाठी मात्र फार दूर जावे लागत नाही. आपला हा बेळगाव-निपाणीचा मुलूख ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून आरंभ करून हा ग्रंथ राजाच्या विनोदांपर्यंत आणि क्रीडांपर्यंत येतो. विनोदांत मृगया आहे, क्रीडांत मदिरापान आहे. ज्या राजाला स्मृती ठाऊक होती त्यानेच हे लिहिले, आणि लिहिताना कोठे लाजला नाही.

कौटिल्याने तर मृगयेचे वकीलपत्रच घेतले आहे. द्यूतापेक्षा मृगया बरी. तिच्यात व्यायाम घडतो, कफ, पित्त आणि मेद यांचा क्षय होतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर हात बसतो, प्राण्यांच्या चित्तवृत्तीचे ज्ञान होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातला सेनापती जवळजवळ हीच बाजू मांडतो, आणि त्याच अंकात विदूषक मृगयेपायी आपले सांधे ढिले झाल्याचे गाऱ्हाणे गातो. आमचा स्वभाव विदूषकाकडे झुकतो. तथापि सेनापतीचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निकाल देणे बरे नव्हे.

आज बंदूक आणि पेला यांची जोडी पुन्हा रूढ होऊ पाहत आहे. जुन्या इंग्रजी रायफलींचे संग्राहक हल्ली मोठ्या आवडीने लिहितात. त्यांच्या लेखनात दस्त्याच्या अक्रोडाच्या लाकडावरील रेषांचे वर्णन संपते न संपते तोच पेल्यातील सोनेरी रंगाचे वर्णन सुरू होते. दोन्ही वस्तू जुन्या, दोन्ही महाग, दोन्ही पुरुषी. तेव्हा दोन्हींचा आस्वाद एकच, असे हे गृहीत आहे. ते आम्हांस मान्य नाही. का नाही, हे सांगण्यासाठी आधी त्या वस्तूंकडेच पाहिले पाहिजे, कारण या प्रकारच्या लेखनात वस्तूचे ज्ञान थोडे आणि उसासे फार असतात.

दुनळी रायफल म्हणजे छर्‍याच्या दुनळी बंदुकीची मोठी बहीण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ती एका दस्त्यावर जोडलेल्या दोन स्वतंत्र रायफली होत. दोन नळ्या, दोन कळा, दोन चाप. एक कळ दगा देईल तर दुसरी शाबूत. पहिला बार काढल्यावर खटका मागे ओढावा लागत नाही, आवाज होत नाही, डोळा माशीवरून हलवावा लागत नाही. बोट एका चापावरून दुसऱ्यावर नेले की झाले. गवा किंवा जखमी वाघ वीस पावलांवरून अंगावर येत असता या गोष्टीचे मोल काय, हे सांगावयास नको.

परंतु खरी करामत नळ्या जोडण्यात आहे. दोन्ही नळ्या अगदी समांतर ठेविल्या तर गोळ्या एके ठिकाणी पडत नाहीत. बार निघताना उजवी नळी हत्याराला उजवीकडे झटका देते, डावी डावीकडे. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडे एकमेकींकडे किंचित कलती ठेवतो, तोंडाशी लहानशी पाचर बसवून कथलाच्या डाकाने जोडतो, आणि मैदानात जाऊन बार काढतो. गोळ्या फाकल्या की डाक वितळवावयाचा, पाचर केसभर सरकवावयाची, पुन्हा जोडावयाचे, पुन्हा बार. शंभर यार्डांच्या आत-बाहेर ठरविलेल्या अंतरावर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका तळहातात मावतील इतक्या जवळ येईपर्यंत हा खटाटोप चालतो. तो ज्या दारूवर आणि ज्या वजनाच्या गोळीवर केला त्यांच्यापुरताच खरा. काडतूस बदलले की मेळ बिघडला. विलायतेच्या थंडीत जुळविलेली रायफल आमच्या वैशाखात आणली तर कॉर्डाइट दारूचा दाब उन्हाने वाढतो, म्हणून उष्ण देशांसाठी हलक्या भरतीची काडतुसे वेगळी निघत. वीणेच्या दोन तारा जुळविणारा माणूस या कामाची जात ओळखील. वेस्टली रिचर्ड्‌स, रिग्बी, पर्डी, हॉलंड अँड हॉलंड या कारखान्यांचा लौकिक नक्षीकामावर उभा नव्हता. तो या जुळणीवर उभा होता. नळीवर कोरलेला वाघ पाहून जो रसिक माना डोलवितो आणि ही जुळणी विचारीत नाही, त्याने देवळाचा कळस पाहिला आणि गाभाऱ्यात गेलाच नाही.

या रायफलींच्या इतिहासात हिंदुस्थानच्या कायद्याचाही हात आहे, आणि आमच्या व्यवसायामुळे आम्हांस त्याचे विशेष कौतुक वाटते. रिग्बीने १८९८ साली धूरविरहित दारूची ४५० बोअरची मोठी रायफल बाजारात आणली आणि ती सर्वमान्य झाली. परंतु सरकारी मार्टिनी-हेन्री बंदुकांचा बोअरही ४५०. तेव्हा या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि सुदानात त्या मापाला बंदी झाली. कारखानदारांनी काय करावे? त्यांनी माप किंचित वाढविले. हॉलंडने १९०७ मध्ये ४६५ बोअर काढला, दुसऱ्यांनी ४७०, ४७५, ४७६. आज ज्या आकड्यांचा उच्चार संग्राहक मंत्रासारखा करतात, ते एका सरकारी मनाईहुकुमाला दिलेली पळवाट आहेत. यंत्रशास्त्रात त्यांना दुसरे कारण नाही. कलेच्या इतिहासात अशा पळवाटांचे स्थान मोठे असते. पण ते कोणी सांगत नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. साहेबी शिकार-वाङ्मयाचा मोठा भाग आज वाचवत नाही. अमुक दिवशी अमुक इतके मारले, शेपटीच्या टोकापासून नाकाच्या टोकापर्यंत इतके फूट आणि इतके इंच, मग डाकबंगला, मग पेला. हाकाऱ्याला नाव नसते, जंगलाला वास नसतो. हिशेबाच्या वहीला जिल्द घातली म्हणून ग्रंथ होत नाही. जिम कॉर्बेट या ओळीतून अजिबात वेगळा निघतो, आणि तो का वेगळा निघतो याचे उत्तर दुनळी रायफलीतच सापडते.

चंपावतच्या नरभक्षक वाघिणीची कथा घ्या. १९०७ सालची ही घटना कॉर्बेटने १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. चारशे छत्तीस माणसे मारलेल्या वाघिणीपुढे हा तरुण ५०० बोअरची दुनळी घेऊन उभा आहे, आणि त्याच्याजवळ काडतुसे आहेत तीन. दोन नळ्यांत दोन, आणि एक अडीअडचणीला. तिन्ही संपतात, वाघीण जखमी, पण उभी. मग तो धावत तहसीलदाराकडे जातो आणि त्याची जुनाट बंदूक हिसकावून घेतो. त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागची बैठक यांमध्ये उघड दिसणारी फट! त्या फुटक्या हत्याराने तो वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरतो, आणि गोळी लागते पंजाला. वाघीण कोसळते ती आधीच्या जखमांनी. दुसरा एखादा साहेब हे सारे झाकून शेवटची गोळी जबड्यातून पार करून मोकळा झाला असता. कॉर्बेट चुकलेला नेम न झाकता सांगतो. दुसरी नळी असतेच मुळी पहिली चुकेल या कबुलीपोटी. कॉर्बेटचे गद्य त्या कबुलीवर चालते. जखमी जनावर सोडून परत यावयाचे नाही, हा त्याचा एकच आचारधर्म, आणि त्याच्या साऱ्या कथांचे कथानक यातून निघते.

आमच्या वाचकांना त्याची १९५४ मधील ‘टेंपल टायगर’ ही कथा अधिक जवळची वाटेल. कुमाऊंतील दाबिधुरा येथील देवळाच्या परिसरात एक वाघ वावरतो. पुजारी कॉर्बेटला सांगतो की तुम्ही प्रयत्न करावयास माझी हरकत नाही. पण हा वाघ तुमच्याकडून काय किंवा दुसऱ्या कोणाकडून काय, मारला जाणार नाही. पुढे प्रत्येक संधी हुकते, आणि जगातला एक सर्वश्रेष्ठ शिकारी रित्या हाताने परततो. या कथेत पुजाऱ्याची थट्टा नाही आणि चमत्काराचा डांगोराही नाही. घडले ते मांडले आहे. देवाच्या दारातील गोष्ट परक्या धर्माच्या माणसाने इतक्या सभ्यपणे सांगितल्याची उदाहरणे थोडी. आणि या थोर शिकाऱ्याच्या हातात संध्याकाळी काय असते? त्याच्या कथांतून वारंवार येतो तो चहा. बंदूक आणि पेला ही जोडी निदान कॉर्बेटने तरी लावलेली नाही. आमच्याच राज्यातील बेंगळूरचा केनेथ अँडरसन हाही दुनळीचा भक्त नव्हता. त्याची आवडती रायफल अमेरिकन विंचेस्टर, ४०५ बोअरची. त्याचे लेखन कॉर्बेटइतके आखीव नाही, रात्रीच्या जंगलातील भय मात्र त्याच्याइतके कोणी आणले नाही.

मराठीत या परंपरेचे खरे वारस व्यंकटेश माडगूळकर. तरुणपणी त्यांनी शिकार केली. पुढे बंदूक ठेवली आणि रानात केवळ पाहत बसले. त्या पाहण्यातून ‘सत्तांतर’ आले आणि १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा मान पावले. मृगयेने प्राण्यांच्या चित्तवृत्तीचे ज्ञान होते, हे कौटिल्याचे म्हणणे येथे खरे ठरते. मृगया सुटल्यावर ठरते, एवढेच.

व्हिस्कीविषयी लिहिताना आमची लेखणी जरा अडखळते, आणि ती भीती केवळ सोवळेपणाची नव्हे. नाकाने पारख करणे ही विद्या आम्हांला विलायतेहून शिकावयास नको. निपाणीच्या वखारीत तंबाखूचा व्यापारी मूठभर पाला चुरगळून नाकाशी नेतो आणि माल कोणत्या शिवारातला, किती वाळलेला, हे सांगतो. जव, पाणी आणि ओकचे पिंप यांतून उतरलेल्या अर्काचा वास घेणारा स्कॉच पारखी त्याच जातीचा. परंतु स्कॉटलंडात त्या पारखीमागे कायदा उभा आहे. तेथे धान्यावाचून आणि ओकच्या पिंपातील किमान तीन वर्षांवाचून व्हिस्की हे नाव लावता येत नाही. आमच्याकडे पुष्कळशी ‘व्हिस्की’ उसाच्या मळीच्या मद्यार्कावर उभी असते. उगार खुर्दपासून चिकोडीपर्यंत उसाच्या राज्यात राहणाऱ्या वाचकाला मळीचा अपमान करावयाचा आमचा हेतू नाही. मळीच्या उत्तम मद्याला जगात रम असे मानाचे नाव आहे. ते सोडून दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याचा रंग घेणे, यात रसिकता कोठे आली?

नावाचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बेंगळूरच्या खोडे कंपनीने १९६८ पासून ‘पीटर स्कॉट’ या नावाने व्हिस्की काढली. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने त्या नावाविरुद्ध अर्ज केला तो १९८६ मध्ये, आणि २००८ मध्ये न्यायालयाने विलंबाच्या कारणास्तव खोडे यांच्या बाजूने निकाल दिला. निकालात एक गमतीचा मुद्दा आहे. असल्या मालाचा ग्राहक शिकलेला आणि सधन असतो, तेव्हा तो फसण्याची कसोटी वेगळी, असा त्याचा आशय. रसिकाचे अस्तित्व न्यायालयाने मान्य केल्याचा हा पुरावा मानावयाचा की त्याच्या खिशाचे, हे वाचकांनी ठरवावे. पुढे बेंगळूरच्याच ‘अमृत’ने २००४ साली ग्लासगोत आपली जवाची सिंगल माल्ट नेऊन मांडली, आणि २०१२ मध्ये गोव्याच्या कुंकळ्ळीहून ‘पॉल जॉन’ लंडनला गेली. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडते. बेंगळूरच्या उष्ण्यात दहा टक्क्यांहून अधिक. त्यामुळे येथे मद्य लवकर परिपक्व होते आणि लवकर संपतेही. समुद्रमंथनातून अमृताआधी वारुणी वर आली होती, हे ते नाव ठेवणाऱ्याच्या मनात होते की नाही, कोण जाणे.

घरगुती मद्याचे कौतुक हे या वाङ्मयाचे आणखी एक अंग. अमेरिकेच्या डोंगरांत चोरून गाळलेल्या व्हिस्कीभोवती गाणी आणि दंतकथा जमल्या आहेत. आमच्याकडे ‘घरी गाळलेली’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे उभी राहते ती हातभट्टी: काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा. आणि त्यात औद्योगिक मेथेनॉल मिसळले की मरण. १९८१ मध्ये बेंगळूरला तीनशेहून अधिक माणसे अशा दारूने गेली. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक. जो वर्ग या दारूने मरतो तो रसिकतेच्या लेखांत कधीच दिसत नाही. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरॅक, म्हणजे कन्नडातील सारायी, बंद केली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेवर दोन मते आहेत, पण हातभट्टीत काव्य शोधणाऱ्याला आम्ही त्या दोन्ही पक्षांपासून दूर बसवू.

घरगुती कलेचे खरे उदाहरण पाहावयाचे तर चोर्ला घाट उतरावा. सत्तरीच्या वाडीतून झाडाखाली आपण होऊन पडलेलीच काजूची बोंडे वेचतात, कोळंबीत पायांनी तुडवितात. दडपणाखाली आपसूक गळणारा स्वच्छ रस तो नीरो. आंबलेला रस भाणात चढतो, वाफ लावणीत उतरते. पहिल्या धारेचा हुर्राक, तो त्या हंगामापुरताच. पुन्हा गाळली की फेणी. कडकपणा मोजावयाचा ‘ग्राव’मध्ये. या मासिकाच्या कोंकणी पानांवर हे शब्द घरचे आहेत. मराठी पानांनीही ते उसने न मानता घ्यावेत. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले, भांडी आणि हात येथले. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. रायफलीची जुळणी आणि फेणीची धार या दोन्हींत कारागीर हाच शेवटचा प्रमाण असतो. दोन्हींना जोडणारा धागा शोधावयाचाच तर तो येथे आहे.

हीच बाटली साखळीत सुखाने बसते; चंदगडात किंवा खानापुरात शिरताच तिचे कायदेशीर रूप पालटते. १९५६ पर्यंत बेळगाव, निपाणी, चंदगड सारेच मुंबई राज्यात होते आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली होते. मग चंदगड तेवढे मुंबई राज्यात राहिले आणि बाकीचा जिल्हा म्हैसुरात गेला. सीमेचे दुःख फार मोठे आहे, त्याला येथे बाटलीच्या मापाने मोजण्याचा आमचा विचार नाही.

बंदूक आणि पेला यांच्या खऱ्याखुऱ्या मैत्रीची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण ती संग्राहकांच्या लेखनात आम्हांस आढळली नाही. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली आणि लवकरच तिचे बिऱ्हाड हर्बर्ट फिप्सन या मद्य-व्यापाऱ्याच्या जागेत गेले. शिकाऱ्यांनी आणलेली कातडी आणि कवट्या, आणि शेजारी मद्याच्या पेट्या! याच पेढीचा कारभार पुढे पाहणारा डब्ल्यू. एस. मिलर्ड सोसायटीचाही मानद चिटणीस होता. १९०८ मध्ये एक मुलगा छर्‍याच्या खेळण्यातील बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला. मिलर्डने त्याला हाकलले नाही. चिमणी ओळखून दिली आणि पेंढा भरलेले पक्षी दाखविले. तो मुलगा सालिम अली. आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात बारापेडे गुहेतील जी दुर्मिळ वाघळे आज जगाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत, त्यांना नाव आहे ते रॉटन या मुंबई इलाख्यातील वनाधिकाऱ्याचे, आणि तोही याच सोसायटीचा सभासद. भीमगडला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

आता जे शिल्लक राहिले त्याचे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली. ते उत्तम झाले. परंतु हत्यारे उरली. वारसाहक्काच्या कामात अशा बंदुकीची नोंद आम्हांस वारंवार भेटते: आजोबांच्या नावावरची दुनळी, परवाना वडिलांचा, मुलगे पुण्यात किंवा परदेशी. १९८३ पासून एका परवानाधारकाला तीन हत्यारे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने दोन राहिली, आणि वारशाची हत्यारेही त्या दोनांतच धरली गेली. सरकारचा मूळ विचार एकाचाच होता. तिसरे हत्यार वर्षाच्या आत जमा करावयाचे होते. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ घालून ज्याची पूजा होत असे, ते पोलीस ठाण्याच्या किंवा परवानाधारक विक्रेत्याच्या कपाटात गेले. कायद्याचा हेतू शुद्ध आहे, आणि लग्नात हवेत बार काढून माणसे मारणाऱ्यांना त्याच दुरुस्तीने शिक्षा सांगितली, तिचे आम्ही स्वागत करतो.

आमचा आक्षेप कायद्यातील ‘पुराण’ या कल्पनेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम पुराणवस्तूचे मोल असलेल्या हत्याराला सूट देते, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा चालता कामा नये. म्हणजे वस्तू पूर्ण मेल्यावाचून ती जुनी नाही. दुनळीचे सारे सौंदर्य तिच्या जुळणीत. नळ्या कापून किंवा भोके बुजवून ती ‘पुराण’ केली की उरते लोखंड आणि लाकूड. वीणा जतन करावयाची, पण तारा तोडून! चालते हत्यार जतन करण्याची वाट बंद नाही, हे कोडगू दाखविते. तेथे कैलपोळ्दु सणाला कोडव लोक शस्त्रांची पूजा करतात. परवान्यातून त्यांना असलेली परंपरागत सूट केंद्र सरकारने २०२९ पर्यंत वाढविली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. तशी सरसकट सूट आमच्या भागाला मिळावी असे आम्ही म्हणत नाही. सार्वजनिक संग्रहालयांना मात्र कुलुपाखाली, काडतुसांवाचून, न मोडलेली हत्यारे निर्वेधपणे स्वीकारता येतील अशी स्पष्ट तरतूद हवी.

संग्रहालयांनीही मग आपली दृष्टी बदलावी. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर कोल्हापूरचा नवा राजवाडा आहे. तेथे पेंढा भरलेले वाघ आहेत, जनावरांच्या पायांच्या केलेल्या वस्तू आहेत, शस्त्रे आहेत. सुट्टीच्या दिवशी मुलांची रांग वाघाच्या दातांपुढे थबकते आणि शस्त्रांच्या कपाटापुढून चालती होते. याच घराण्याने चित्त्यांच्या साहाय्याने शिकारीचा खेळ जोपासला, आणि याच संस्थानचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. पायाच्या रक्षापात्रातून यातले काहीच कळत नाही. एखाद्या दुनळीशेजारी पाटी लावावी आणि तिच्यावर लिहावे: कारखाना कोणता, बोअर कोणता, तो बोअर कोणत्या मनाईमुळे जन्मला, दोन्ही गोळ्या किती अंतरावर एकत्र येत; आणि हाकाऱ्यांपैकी कोणाचे नाव दप्तरात सापडलेच, तर तेही.